कोण गेलं जी?

माझे वडील जिवंत आहेत. वय त्र्याऐंशी, दात बावीस, चष्म्याशिवाय पेपर वाचतात आणि वाचून झाला की तोच पेपर मला मोठ्यांदा वाचून दाखवतात. पण यातलं पहिलं वाक्य, म्हणजे ‘माझे वडील जिवंत आहेत’ एवढंच, मी गेल्या मार्च महिन्यात गोंदियात निदान दोनशे वेळा उच्चारलं असेल. भाजीबाजारात उच्चारलं, जयस्तंभ चौकात उच्चारलं, रेल्वेच्या पुलावर धापा टाकत उच्चारलं. झोपेतही उच्चारलं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. आणि दर वेळी समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघायचा, मग पूर्वी जिथे मिशी होती त्या जागेकडे बघायचा, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “धीर धरा जी. सुरवातीले असंच वाटते.”

याची सुरुवात मेलबर्नमध्ये झाली. आमच्या घरातली संकटं पूर्वी फार तर नागपूरहून यायची. मुलगी ऑस्ट्रेलियात नोकरीला गेल्यापासून त्यांचा दर्जा वाढला आहे. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

“बाबा, मी टक्कल करतेय.”

ही पोह्यांवर सांबार पेरत होती. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.) तिचा हात हवेतच थांबला. “कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, आई.”

“मग नवस बोललीस का? तिरुपतीचा?”

“नाही गं. कॅन्सरसाठी.”

त्यानंतर फोनवर अर्धा मिनिट नुसता समुद्राचा आवाज ऐकू आला. मग मुलीनं समजावून सांगितलं. ऑस्ट्रेलियात १९९८पासून ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह’ नावाचा प्रकार चालतो. आपण जाहीर करायचं की मी अमुक दिवशी डोकं भादरणार. ओळखीपाळखीच्या लोकांनी त्याबद्दल पैसे द्यायचे. ते पैसे ल्युकेमिया फाउंडेशन रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि संशोधनासाठी वापरतं. अमेरिकेत तर हे सगळं एका दारूच्या गुत्त्यात सुरू झालं म्हणे. न्यूयॉर्कमध्ये विम्याच्या धंद्यातल्या तीन दोस्तांनी १७ मार्च २००० रोजी सतरा जणांची डोकी भादरून लहान मुलांच्या कॅन्सरसाठी सतरा हजार डॉलर उभे करायचं ठरवलं आणि जमले एक लाख चार हजार. त्यातून सेंट बाल्ड्रिक्स नावाची मोठी संस्था झाली. असा कोणी संत नाही. सेंट पॅट्रिकच्या नावाला टक्कल जोडून त्यांनी तो तयार केला. आपल्याकडे गुत्त्यात एवढं नियोजन होत असतं तर गोंदिया आज कुठल्या कुठे गेलं असतं.

“औषधांनी त्या लोकांचे केस जातात ना बाबा, कारण ती औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि केसांची मुळं बिचारी भराभर वाढत असतात. म्हणून आपणही—”

हिला पेशींचं काही नव्हतं. हिला दिसत होता तो सत्तावीस वर्षं वाढवलेला शेपटा. त्यात शिकेकाई होती, जास्वंद होतं आणि माझा बराचसा पगार होता. शिवाय तुमसरच्या एका स्थळाकडे फोटो गेलेला होता, शेपट्यासकट. मी पांडित्य दाखवायला म्हणालो की केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या अपर्णा लवकुमार नावाच्या महिला पोलिसानं २०१९ साली आपले लांबसडक केस कॅन्सरच्या रुग्णांसाठी दिले आणि डोकं पूर्ण भादरून ड्युटीवर गेली. ही म्हणाली, “तिचं लग्न झालं असेल.”

मग तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. भाजीवाल्याच्या टोपलीतली शेवटची वांगी माणूस ज्या नजरेनं पाहतो त्या नजरेनं.

“तुम्हीच करा ना. केस ते केस. तिकडचे काय अन् इकडचे काय.”

“बाबा, खरंच कराल?” मेलबर्नहून आवाज आला. मुलीच्या या आवाजाला नाही म्हणणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. मी हो म्हणालो. ती म्हणाली, “वा बाबा!” ‘मग मी करत नाही’ असं ती म्हणाली नव्हती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

इथे माझ्या केसांविषयी थोडं सांगायला हवं. थोडंच सांगता येईल. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. माझ्या डोक्यावर झाडी गेली आहे आणि पट्टी उरली आहे. मधोमध नवेगावबांधचा तलाव आणि काठाकाठानं विरळ जंगल, असा एकूण देखावा. या भांडवलावर मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन उभा राहिलो.

लेखापालांनी पाकीट काढलं, मग चष्मा काढला आणि माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “पूर्ण टकलाचे शंभर देतो. पण तुमचं साठ टक्के काम आधीच झालेलं आहे. ते निसर्गानं केलं, त्याचं श्रेय तुम्हाला कसं देणार? हे घ्या चाळीस.” त्यांच्या शेजारच्यानं अकरा रुपये टाकले आणि विचारलं, “८०जी ची पावती मिळते ना?” एका सज्जन गृहस्थांनी पाचशेची नोट काढून दाखवली आणि म्हणाले, “न करायचे किती?”

खरी अडचण पुढेच होती. पैसे मी परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवणार होतो.

“टाटाले?” शिपाईभाऊ हसू लागले. “टाटाले आपण पैसे द्यायचे? त्याच्यापाशी काय कमी हाय?”

मी सांगितलं की हॉस्पिटल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं उभारलं हे खरं, पण पुढे ते सरकारकडे गेलं आणि १९६२पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

“अणुऊर्जा?” लेखापाल पुढे झुकले. “म्हणजे माझे चाळीस रुपये अणुबॉम्बला?”

संशोधन या शब्दाचंही तसंच. औषधाला पैसे, रुग्णाच्या तिकिटाला पैसे, डब्याला पैसे, हे लोकांना पटतं. संशोधन म्हटलं की काचेच्या नळीत काहीतरी हलवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि त्याला आपण पैसे का द्यावेत हे समजत नाही. म्हणून मी टाटाच्याच डॉक्टरांनी केलेल्या सिरक्याच्या संशोधनाची गोष्ट सांगायला घेतली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायका. त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, तीसुद्धा महागडं यंत्र न लावता, पातळ केलेलं व्हिनेगर लावून. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. तपासायला डॉक्टर नव्हते, दहावी झालेल्या आणि खास शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला, तेव्हा त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले. मी बोलता बोलता स्वतःच भारावलो. सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता डबा भरणार.

“सिरका तर आमच्याही घरी हाय,” शिपाईभाऊ विचारात पडून म्हणाले. “मले वाटे चायनीजलेच लागते.”

संध्याकाळपर्यंत डब्यात १,२४० रुपये जमले. त्यात एक फाटकी दहाची नोट होती आणि एक गुंडाळलेली पन्नी होती, खर्ऱ्याची.

खर्रा न पाहिलेल्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला तो हातानं घोट-घोट घोटतो. जेवढा घोटलेला तेवढा चांगला. विदर्भात आम्ही संगीताच्या रियाजाबद्दल बोलत नाही तेवढ्या आदरानं खर्ऱ्याच्या घोटण्याबद्दल बोलतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली तेव्हा आमच्याकडे कोणी घाबरलं नाही, कारण गुटखा कारखान्याचा माल आणि खर्रा हा हस्तव्यवसाय. आणि यातून ज्यांना अगदीच अपराधी वाटतं ते ‘आपण तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी’ असं छाती काढून सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारकांच्या पहिल्या यादीत बसवलं आहे, हे मी गोरेलाल चौकातल्या एका ठेल्यावर डबा पुढे करता करता सांगितलं. ठेल्याभोवतीच्या सात जणांनी ते अतिशय गांभीर्यानं ऐकलं. मग सगळ्यांनी तोंडातलं सांभाळत, हनुवटी वर करून, आकाशाकडे बघत मला काहीतरी सांगितलं. ते अर्थात कळलं नाही, पण सहानुभूतीचं असावं. सातही जणांनी प्रत्येकी दहा रुपये टाकले. कॅन्सरच्या संशोधनाला इतक्या थेट लाभार्थ्यांकडून देणगी मिळाल्याचं उदाहरण विरळाच.

ठरलेल्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या सलूनवाल्या भाऊंकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “पूर्ण. वस्तऱ्यानं.”

त्यांनी टीव्ही बंद केला. टॉवेल हातात घेऊन समोर येऊन उभे राहिले. “कवा गेले बाबूजी?”

“गेले नाहीत. घरी आहेत.”

“मंग तिरुपती?”

“नाही. कॅन्सरच्या संशोधनासाठी.”

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. “मी नाही करत जी. ज्याचा बाप जिवंत हाय त्याचं डोकं मी आजवर भादरलं नाही. तुमाले माहीत नसन, आमच्या लोकायनं १८९० मंदी मुंबईत संप केला होता. विधवा बायांचं मुंडण करणार नाही म्हणून. लोखंडे साहेबांनी पुढाकार घेतला होता. आमालेबी तत्त्व हाय.”

मी थक्क झालो. नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते माझ्याविरुद्ध वापरलं जात होतं. शेवटी तडजोड अशी निघाली की वडिलांचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. मी घरी फोन लावून आवाज मोठा केला.

“बाबूजी, मी टक्कल करू का?”

“अजून काय राहिलंय करायचं?” पलीकडून आवाज आला.

“आवाज त्याहीचाच हाय,” भाऊ म्हणाले आणि वस्तऱ्याला नवं पातं लावलं.

पाणी, फेस, मग तो थंडगार सर्रर्र आवाज. मी डोळे मिटून घेतले. लहानपणीचं जावळ आठवलं, मुंजीतला गोटा आठवला. चार-पाच मिनिटांत संपलं. खरं म्हणजे दोन मिनिटांतच संपायला हवं होतं, पण भाऊंनी पैशांच्या मानानं हात सावकाश चालवला. डोळे उघडले तर आरशात एक अनोळखी उकडलेला बटाटा माझ्याकडे बघत होता. त्याला मिशी नव्हती.

“भाऊ! मिशी?”

भाऊंनी वस्तऱ्याकडे पाहिलं, जणू त्यानं परस्पर काहीतरी केलं होतं. “अरे बाप्पा. सवयीनं झालं जी. डोकं झालं की हात आपसूक खाली येते.”

नुसतं डोकं गेलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. वडील असताना मिशी उतरवणं म्हणजे आमच्याकडे छापील निधनवार्ता. सलूनपासून रेलटोलीतलं आमचं घर पायी वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी मला दीड तास लागला. पहिला भेटला तो इस्त्रीवाला. त्यानं नुसतेच हात जोडले. मग एक जुने शिक्षक सायकलवरून उतरले आणि म्हणाले, “फार शिस्तीचा माणूस होता.” तिसऱ्यानं हिंदीत विचारलं, “बाबूजी नहीं रहे?” मी म्हटलं, “रहे ना, रहे!” त्याला ते ‘रहे नहीं’सारखं ऐकू गेलं. पुलावर एका परिचितानं गळ्यात पडून रडायला सुरुवात केली आणि मी त्याची समजूत घालत असताना खालून मालगाडी गेली, त्यामुळे माझं ‘जिवंत आहेत’ हे वाक्य कोळशाच्या अठ्ठावन्न डब्यांखाली चिरडलं गेलं. मार्चचं ऊन नव्या टाळूवर पडत होतं. गोंदियाचं मार्चमधलं ऊन मुंबईच्या मेमधल्या उन्हाला कडेवर घेऊन फिरवतं. घरी पोहोचलो तेव्हा बटाट्याचं टोमॅटो झालं होतं.

बाबूजी अंगणात आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्या मिशीच्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

“फोनवर मिशीचं बोलला नव्हतास.”

आमचे बाबूजी रेल्वेत गार्ड होते. गोंदियाहून सातपुड्यात शिरणाऱ्या छोट्या लाइनवर त्यांनी आयुष्य काढलं. आता ती लाइन मोठी झाली, बाबूजी निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यात असते. माणूस एकाच आवाजात दहा डबे थांबवायला शिकला की ती विद्या सहजी जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले स्वयंपाकी आले. तेरवीची ऑर्डर घ्यायला. “दोनशे पानं धरू का? वरण, भात, आलू-वांगं, बुंदी?”

मी तोंड उघडणार तोच बाबूजी आतून म्हणाले, “बुंदी नको. माझ्या तेरवीला जिलेबी.”

स्वयंपाक्यांनी पायरीवरूनच काढता पाय घेतला, चपला तिथेच राहिल्या.

त्यानंतर माणसांची रीघ लागली. आणि इथेच बाबूजींच्या स्वभावातली एक बाजू उघड झाली, जी त्र्याऐंशी वर्षं आमच्यापासून लपून राहिली होती. ते आतल्या खोलीच्या पडद्यामागे जाऊन बसू लागले. आपण गेल्यावर लोक काय बोलतात हे ऐकायला सगळ्यांनाच आवडलं असतं. बहुतेकांची सोय होत नाही इतकंच. मला त्यांनी दटावलं, “लगेच सांगू नकोस. पाच मिनिटं बोलू दे.” एक जण म्हणाला, असा देवमाणूस होणे नाही. पडद्याची झालर समाधानानं हलली. एक जण म्हणाला, तब्येतीला मात्र जपलं नाही त्यांनी. झालर थांबली. मग त्यांचे एक जुने रेल्वेतले सोबती आले, काठी टेकत, डोळे पुसत.

“तुमाले म्हणून सांगतो,” ते मला म्हणाले, “मी त्याच्यापासून पाचशे रुपये उसने घेतले होते. नैनपूरले. द्यायचे राहून गेले. आता हे ओझं घेऊन मी वर कसा जाऊ?”

“सातशे!” पडदा म्हणाला.

सोबत्यांना पाणी पाजून, वारा घालून, पुन्हा खुर्चीत बसवेपर्यंत अर्धा तास गेला. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना यथेच्छ शिव्या दिल्या, दोघेही रडले, आणि मग बाबूजींनी माझा बिस्किटांचा डबा उचलून त्यांच्या पुढे धरला. “सातशे मला नको. यात टाक. तुला आठवतो आपला तो फायरमन?” सोबती एकदम गप्प झाले. त्यांनी पाकिटातली हजाराची मोड मोजून सातशे टाकले, मग उरलेले तीनशेही टाकले. तो फायरमन तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. मी तेव्हा शाळेत होतो. त्या आठवड्यात बाबूजींनी आपली तंबाखूची चंची उठून विहिरीत फेकली होती, एवढं मला आठवतं. विहीर शेजाऱ्यांची होती, म्हणून जास्त आठवतं.

त्या दिवसापासून डबा बाबूजींच्या ताब्यात गेला. खुर्ची फाटकाशी आली. जुन्या कालनिर्णयाच्या पाठीवर त्यांनी स्वतः दरपत्रक लिहून टांगलं. भेटायला आलेल्याला आपण जिवंत दिसल्याचा आनंद झाला असेल तर ५१ रुपये. आनंद झाला नसेल तर १०१, कारण अशा माणसाला दंड हवा. जिवंतपणी कधी भेटायला न येता एकदम दुखवट्यालाच आल्यास २०१. उसनवारी असल्यास मुद्दल, व्याज माफ. तोंडात खर्रा असल्यास सर्व दर दुप्पट. कोणी कोपऱ्यावर थबकून आत यावं की न यावं असा विचार करू लागला की शिट्टी वाजायची. गार्डाची शिट्टी ऐकून पळून जाणारा माणूस गोंदियात सापडणं कठीण. हे जंक्शन आहे, शिट्टी झाली की आमचे पाय आपोआप गाडीकडे वळतात. खर्रेवाले लोक फाटकाबाहेर नालीपाशी जाऊन तोंड मोकळं करून यायचे आणि ‘आता तर नाही ना’ म्हणून तोंड उघडून दाखवायचे. बाबूजी टॉर्च मारून तपासायचे. डॉक्टरांना महिनोन्‌महिने शिबिरं घेऊन जी तोंडं बघायला मिळत नाहीत, ती आमच्या फाटकावर सकाळी सात ते अकरा रांगेत उघडी होती. एकाला त्यांनी आत पांढरा चट्टा दिसतो म्हणून खरोखरच सरकारी दवाखान्यात पिटाळलं. तो तिथून येऊन सांगून गेला की चुन्यानं भाजलं होतं, पण डॉक्टर खूप ओरडले, आणि त्याबद्दल ५१ रुपये वसूल करण्यात आले.

मी मात्र डबा गेल्यामुळे नुसताच टकला उरलो. कार्यालयात लेखापाल म्हणाले, “मिशीचं आपलं बोलणं झालं नव्हतं. ते जादा काम तुमच्या खर्चानं.”

कळस चढवला तो कोल्हापूरच्या आत्यानं. कोणा हितचिंतकानं तिला फोन केला होता. ‘भाचा पूर्ण भादरून फिरून राहिला’ एवढंच. आत्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसली. ही गाडी कोल्हापूरला निघते आणि महाराष्ट्र न सोडता तेराशेहून अधिक किलोमीटर धावून गोंदियाला थांबते. म्हणजे राज्यात याहून लांबून रडत येणं सहसा शक्य नाही. आत्या एक दुपार, एक अख्खी रात्र आणि पुन्हा एक दिवस रडत आली. पुण्यापर्यंत अख्ख्या डब्याला कळलं होतं, वर्ध्यापर्यंत डबाही रडत होता. संध्याकाळी रिक्षा फाटकाशी थांबली आणि आत्यानं उतरता उतरता हंबरडा फोडला, “दादा रे! आता मला माहेर कुठलं!”

“हेच की,” फाटकाशेजारच्या खुर्चीतून बाबूजी म्हणाले. “आत ये. चपला बाहेर काढ.”

आत्या बेशुद्ध पडेल असं आम्हाला वाटलं होतं. तिनं हातातली पिशवी त्यांच्या अंगावर मारली. “मेला नाहीस तर फोन करून सांगायचं नाही होय रे? तत्काळचं तिकीट काढलं मी! वरचा बर्थ मिळाला या वयात!”

“५१ रुपये,” बाबूजी म्हणाले. मग बहिणीचा चेहरा पाहून शिट्टी खिशात घातली.

आत्या पंधरा दिवस राहिली. भाऊ जिवंत असल्याचा राग ओसरायला तिला तीन दिवस लागले. त्यानंतर तिनं फाटकाशी दुसरी खुर्ची टाकली आणि वसुली दुप्पट झाली, कारण बाबूजी सोडून द्यायचे त्यांना ती सोडायची नाही. तिनं दुखवट्याची म्हणून माझ्यासाठी एक पांढरी टोपी आणली होती. या सगळ्या प्रकरणात माझ्या टाळूच्या उपयोगी पडलेली तेवढी एकच वस्तू.

मार्चअखेरीस मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. मी टोपी काढून ऐटीत समोर बसलो. पडद्यावर दुसरा उकडलेला बटाटा उगवला. हसतो आहे, डोळे माझ्यासारखे, कानात झुमके.

ही माझ्या मागे उभी होती. “तू पण?”

“मी कुठे नाही म्हटलं होतं? बाबा करतायत म्हटल्यावर तर आणखी जोर आला. ऑफिसात सगळ्यांनी डबल पैसे दिले, फादर-डॉटर म्हणून. आई, केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. येतील गं.”

“तुझे येतील,” ही म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. तुमसरच्या स्थळाला मुलीचा टकलाचा फोटो हिनं स्वतःच पाठवून दिला, काय व्हायचं ते एकदाच होऊ दे म्हणून. त्यांचा उलट फोन आला. मुलाच्या आईनं फार काळजीच्या आवाजात विचारलं, “कोण गेलं जी?”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही डबा ओतला. चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या. बाबूजींनी मोजलं, आत्यानं पुन्हा मोजलं, लेखापालांना खास बोलावलं होतं त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं आणि चहा पिऊन गेले. एकूण १८,४३२ रुपये. त्यातले माझ्या केसांचे १,२४० आणि गोरेलाल चौकातले सत्तर. बाकी सगळे बाबूजींच्या मरणाचे. मी पैसे पाठवायला बसलो आणि विचारलं, “देणगी कोणाच्या नावानं लिहू? तुमच्या?”

“माझ्या स्मरणार्थ लिही,” बाबूजी म्हणाले. “एवढे लोक रडून गेले. त्यांचा शब्द खाली पडायला नको.”

मे महिन्यात मिशी आली. पट्टीही हळूहळू काठानं उगवली, पूर्वीपेक्षा थोडी पांढरी, थोडी अरुंद. लोक पुन्हा माझ्याकडे न बघता जाऊ लागले. फाटकाशी कोणी थांबेना. काल संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो, तेव्हा बाबूजी मागून आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असा हात त्यांनी दहावीच्या निकालानंतर फिरवला नव्हता. मी जरा गहिवरलो.

“वाढले रे हे लवकर,” ते म्हणाले. “तिरोड्याचे लोक यायचेच राहिले.”